नक्षी, मोजणी आणि लय : नाशिक परिसरातील कलाव्यवहाराच्या आधारे एक विचार

१

मराठी समीक्षेत ‘नक्षी’ हा शब्द बहुधा उणेपणा दाखवण्यासाठी येतो. एखाद्या कवितेत शब्दांचे नक्षीकाम आहे असे म्हटले, की तिच्यात अनुभवाची कमतरता आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. या वापरामागे दोन गृहीतके आहेत. पहिले असे, की नक्षी म्हणजे पुनरावृत्ती आणि पुनरावृत्ती म्हणजे नव्याचा अभाव. दुसरे असे, की कलावंत निसर्गातले आकार आधी पाहतो, मग त्यांचे सुलभीकरण करतो आणि शेवटी ते सजावट म्हणून वस्तूवर चढवतो. निरीक्षण आणि निर्मिती ही या समजुतीत दोन वेगळी कामे ठरतात. पहिल्यात ज्ञान असते, दुसऱ्यात केवळ कौशल्य.

नाशिक आणि त्याच्या आसपासच्या प्रदेशात दोन हजार वर्षांहून अधिक काळ दगडात, कापडात आणि भिंतीवर जी नक्षी घडत आली, तिच्या आधारे ही दोन्ही गृहीतके तपासून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. प्रश्न वरकरणी दृश्यकलेचा वाटला, तरी त्याचा संबंध मराठी साहित्यविचारातील एका मध्यवर्ती संकल्पनेशी, म्हणजे लयीशी, येतो. बा. सी. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचे स्वरूप लयतत्त्वांच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला. संवाद, विरोध आणि समतोल या तीन तत्त्वांनुसार झालेली संवेदनांची संघटना म्हणजे सुंदर वस्तू, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होय. या तिन्ही तत्त्वांना पुनरावृत्ती गृहीत धरावी लागते. काहीतरी परत आल्याखेरीज संवाद जाणवत नाही, आणि परत येण्याची अपेक्षा निर्माण झाल्याखेरीज विरोधही जाणवत नाही. म्हणजे मराठीतील सर्वांत प्रभावी सौंदर्यविचार ज्या गोष्टीवर उभा आहे, तीच गोष्ट व्यवहारातील समीक्षा ‘नक्षी’ म्हणून कमी लेखते. या विसंगतीचा उलगडा करायचा, तर नक्षीचा इतिहास पाहावा लागतो.

२

नक्षीचा उगम कोठे, या प्रश्नावर एकोणिसाव्या शतकातील युरोपात मोठा वाद झाला. ओवेन जोन्स यांनी १८५६ साली ‘द ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ प्रसिद्ध केले. अलंकरणाने निसर्गातील वस्तूंची हुबेहूब नक्कल करू नये, त्यांच्या वाढीमागचा नियम घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. १८५१ च्या लंडनमधील प्रदर्शनात मांडलेल्या भारतीय कापडांत त्यांना या नियमाचे पालन दिसले होते. गॉटफ्रीड सेम्पर यांनी १८६० नंतरच्या ‘देअर श्टील’ या ग्रंथात विणकामाला आद्य कलेचे स्थान दिले. गाठ मारणे, विणणे, गुंफणे या क्रियांमधून आकृतिबंध जन्माला येतात असे त्यांचे प्रतिपादन होते. व्हिएन्नाच्या संग्रहालयात वस्त्रविभाग सांभाळणाऱ्या आलोइस रीग्ल यांनी १८९३ च्या ‘श्टीलफ्रागेन’मध्ये याला हरकत घेतली. कमळाच्या आकृतीचा प्राचीन इजिप्तपासूनचा प्रवास तपासून त्यांनी दाखवले, की एक आकृती दुसऱ्या आकृतीतून निघते. दर वेळी कलावंत निसर्गाकडे किंवा साधनाकडे नव्याने वळतो असे नाही.

निसर्ग, तंत्र आणि परंपरा अशी ही तीन उत्तरे आहेत. ती परस्परविरोधी मानली गेली, याचे एक कारण असे की तिघांच्याही समोर असलेली नक्षी मूळ वस्तूपासून सुटी झालेली होती. ती संग्रहालयातल्या तुकड्यांच्या किंवा छापील तक्त्यांच्या रूपात त्यांच्यापुढे आली होती. महाराष्ट्रातही हे घडले. मुंबईच्या कलाशाळेतील जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात विद्यार्थ्यांकडून अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि १८९६-९७ मध्ये त्या दोन खंडांत प्रसिद्ध केल्या. पहिल्या खंडात प्रसंगचित्रे आणि दुसऱ्यात मुख्यतः छतांवरची व खांबांवरची सजावट, अशी विभागणी त्यांनी केली. ती कामाच्या सोयीची होती यात शंका नाही. पण कथा सांगणारे चित्र एकीकडे आणि फुलापानांची नक्षी दुसरीकडे, ही श्रेणीव्यवस्था तिच्यामुळे छापील रूपात पक्की झाली. पुढे साहित्यसमीक्षेत आशय आणि सजावट यांची जी फारकत झाली, तिचे हे समांतर रूप मानता येईल.

नक्षी वस्तूपासून सुटी न करता, ती घडण्याच्या प्रक्रियेतच पाहिली तर काय दिसते? हा प्रश्न घेऊन नाशिककडे वळू.

३

नाशिकच्या दक्षिणेस सुमारे आठ किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. शिलालेखांत त्याचे नाव ‘तिरण्हु’ असे येते. त्याच्या कड्यात पांडवलेणी या नावाने ओळखली जाणारी चोवीस लेणी आहेत. दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, आणि झिजेमुळे त्यांचे पायऱ्यापायऱ्यांचे उतार तयार झाले. या खडकाला भूशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. जिन्याच्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून हे नाव आले. नाशिकच्या कोणत्याही डोंगराकडे दुरून पाहिले तरी आडव्या रेषांची आवृत्ती प्रथम नजरेत भरते.

लेणे कोरणारा याच आडव्या शिस्तीत आत शिरतो. अठराव्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान आहे. तिच्या भोवती तशाच लहान कमानी आणि वेदिकेच्या पट्ट्या परत परत येतात. लाकडी बांधकामातील वासे आणि जोड येथे दगडात उतरवले आहेत. दगडाला वाशांची गरज नाही; तरीही ते आहेत, कारण समान अंतरावर परत येणारा वासा ही त्या कारागिरांच्या परंपरेत इमारतीची ओळख होती. रीग्ल यांचे म्हणणे येथपर्यंत खरे ठरते.

पण दहाव्या आणि तिसऱ्या क्रमांकांच्या विहारांची तुलना केली, की केवळ परंपरेचे उत्तर पुरत नाही. दहावे लेणे क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याच्या दानाने झाले. तिसरे लेणे सातवाहनांचे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी ते भद्रयानीय भिक्षूंना दिले. दोन्ही घराणी एकमेकांची शत्रू होती, आणि तिसऱ्या लेण्याची आखणी उघडपणे दहाव्यावर बेतलेली आहे. तसेच स्तंभ, तशीच स्तंभशीर्षांवरची प्राण्यांची रचना. तरीही प्रमाणे बदलली आहेत आणि ओसरीच्या दर्शनी भागात अवजड तुळया पेलणाऱ्या मोठ्या मानवी आकृती नव्याने आल्या आहेत. शत्रूच्या लेण्याची आवृत्ती करताना ती तंतोतंत तशीच ठेवणे सातवाहनांच्या कारागिरांना शक्य नव्हते, आणि बहुधा त्यांना ते नकोही होते.

याच तिसऱ्या लेण्यात दगड आणि भाषा शेजारी शेजारी काम करताना दिसतात, म्हणून साहित्याच्या अभ्यासकाने तेथे थोडे थांबले पाहिजे. दर्शनी वेदिकेवर कमळांची वर्तुळे ओळीने कोरली आहेत. आणि बलश्रीच्या प्राकृत लेखात गौतमीपुत्राच्या मुखाला सूर्यकिरणांनी उमललेल्या कमळाची उपमा दिली आहे. हा लेख म्हणजे विशेषणांची प्रदीर्घ मालिका आहे. राजाच्या सत्त्वाला हिमवत, मेरू, मंदार या पर्वतांची जोड, त्याच्या पराक्रमाला राम, केशव, अर्जुन, भीमसेन यांची जोड, असे एकामागून एक समास येत जातात आणि प्रत्येक समास षष्ठीच्या ‘स’ या प्रत्ययावर येऊन थांबतो. प्राकृत व्याकरणाने दिलेला हा प्रत्यय रचनाकाराने शोधलेला नाही. पण तो वीस-तीस वेळा त्याच जागी येतो तेव्हा कानाला त्याचा आधार वाटू लागतो. दोन ‘स’ मधले अंतर कधी लहान असते, कधी समासाच्या लांबीमुळे फार मोठे. ठरावीक टोक आणि बदलते अंतर, ही या गद्याची लय आहे. वेदिकेवरील कमळांचे नाते नेमके उलट आहे. तेथे अंतर ठरावीक, आणि वर्तुळातली पाकळ्यांची भरण हाताच्या कामाप्रमाणे थोडी थोडी निराळी.

कमळच का, याचे एक उत्तर धार्मिक संकेतात आहे. दुसरे उत्तर कोरण्याच्या क्रियेत आहे. वर्तुळाचा मध्य धरून छिन्नी फिरवत गेले, की पाकळ्यांची पहिली फेरी वर्तुळाला वाटून टाकते. दुसरी फेरी पहिल्या फेरीतील फटींवर बसते. खरे कमळही असेच वाढते. नवी पाकळी आधीच्या दोन पाकळ्यांनी मोकळ्या सोडलेल्या जागेत येते. कोरणाऱ्याला वनस्पतिशास्त्र माहीत असण्याचे कारण नाही. त्याच्या हाताने मात्र जागा वाटण्याचा तोच प्रश्न सोडवला, आणि तो सोडवताना कमळाविषयीची एक गोष्ट त्याला कळली. केवळ पाहून ती कळली असतीच असे सांगता येणार नाही.

४

उषवदाताच्या दहाव्या लेण्यातील लेखाकडे इतिहासकारांनी मुख्यतः अर्थव्यवहाराचा पुरावा म्हणून पाहिले. भगवानलाल इंद्रजी यांनी नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटियरमध्ये आणि नंतर सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात या लेखांचे वाचन दिले. त्यातील एका लेखाचा आशय असा, की बेचाळिसाव्या वर्षी उषवदाताने तीन हजार कार्षापणांची अक्षय ठेव ठेवली आणि ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे गुंतवली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेकडा एक या दराने; एक हजार दुसरीकडे, दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे घ्यायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब बरोबर जुळतो. दोन हजारांचे महिन्याचे व्याज वीस, वर्षाचे दोनशे चाळीस, आणि वीस भिक्षूंचे प्रत्येकी बारा म्हणजेही दोनशे चाळीस. त्याच लेखात नारळाच्या आठ हजार झाडांच्या दानाचाही उल्लेख आहे.

या लेखाचे महत्त्व आपल्या विषयाच्या दृष्टीने वेगळे आहे. दान कायम टिकावे यासाठी ते निसर्गाच्या एका आवर्तनाला बांधले आहे. दरवर्षी पाऊस येणार, भिक्षू लेण्यात येऊन राहणार, त्यांना चीवर लागणार, आणि विणकर वर्षभर माग चालवून ते व्याज उभे करणार. ऋतूंची आवृत्ती आणि मागावरच्या धोट्याची आवृत्ती येथे एकाच हिशेबात बसवली आहेत. त्या विणकरांचे एकही वस्त्र आज उरलेले नाही. त्यामुळे त्यांच्या नक्षीविषयी बोलण्यात अर्थ नाही. पण नाशिकच्या परिसरात पुनरावृत्ती म्हणजे भरवसा, हा अर्थ दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहिला गेला, एवढे निश्चित म्हणता येते. पुनरावृत्तीला कंटाळा किंवा नव्याचा अभाव मानणारी दृष्टी ही फार पुढची, आणि बहुधा छापील पुस्तकाच्या व यंत्राच्या काळातली आहे.

५

गोवर्धनच्या श्रेणींपासून येवल्याच्या मागांपर्यंत अखंड परंपरा आहे असे म्हणण्याचे धाडस करण्याची गरज नाही. पैठणीचे नाव पैठणचे. तिचे विणकाम नाशिक जिल्ह्यातल्या येवल्यात वाढले आणि आज तेच तिचे प्रमुख केंद्र आहे. पेशव्यांच्या आणि हैदराबादच्या निजामांच्या घराण्यांत तिला आश्रय होता. या निबंधाला तिच्या कुळापेक्षा तिच्या तंत्राशी अधिक कर्तव्य आहे.

पैठणीच्या काठातली आणि पदरातली नक्षी कापड तयार झाल्यावर भरलेली किंवा छापलेली नसते. आडवा धागा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सलग जात नाही. प्रत्येक रंगाच्या जागेपुरती स्वतंत्र लहान कांडी असते. तिला तिल्ली म्हणतात. विणकर ठरावीक उभे धागे मोजतो, तिल्ली तेवढ्यातून नेतो, शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवतो आणि परत फिरवतो. म्हणून मोराचा निळा रंग काढून घेतला तर मोराखालचे कापड उरत नाही. तेथे भोक पडेल. दोन्ही बाजूंनी नक्षी सारखी दिसते, तीही याच कारणाने.

या तंत्रात वक्ररेषा नसते. प्रत्येक वळण एकेका धाग्याच्या पायरीने जाते, आणि डोळ्याला दुरून ते वळण वाटते. असावलीची वेल, मुनिया, बांगडी मोर, नारळी काठ, कमळ हे सगळे आकार मोजणीतून बनतात. असावलीच्या वेलीत फूल, पान, देठ हा क्रम पुन्हा पुन्हा येतो. तो किती धाग्यांनी परत येणार हे वेलीच्या पहिल्या वळणातच ठरते. एकदा ठरले, की पुढची प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर ठोकून बसवायची. विणकर कापडाच्या ज्या कडेवर काम करतो, तेथे एका वेळी एकच धागा वाढतो. फूल त्याला पूर्ण दिसते ते विणून झाल्यावर.

येथे ओवेन जोन्स आणि सेम्पर यांच्यातील विरोध गळून पडतो. जोन्स ज्याला वाढीचा नियम म्हणतात, तो विणकराला निसर्गातून आणून कापडावर ठेवावा लागत नाही, कारण माग स्वतः त्याच नियमाने चालतो. वनस्पतीच्या शेंड्यावर नवे पान आधीच्या पानांनी ठरवलेल्या जागी येते. कापडाच्या कडेवर नवा धागा आधीच्या धाग्यांनी ठरवलेल्या जागी येतो. नारळाच्या झावळीत पात्यांची जी ओळ दिसते आणि नारळी काठात टोकांची जी ओळ दिसते, त्यांच्यात बाह्य साम्य थोडेच आहे. साम्य आहे ते होण्याच्या रीतीत. आणि म्हणूनच मोजत विणणाऱ्याला झावळी वेगळी दिसू लागते: एक हिरवा आकार म्हणून नाही, तर अंतरे राखत पुढे गेलेली एक ओळ म्हणून. निसर्गातली आवृत्ती ओळखण्याची ही क्षमता कामाच्या आधी असत नाही. काम चालू असताना येते.

नाशिकच्या पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके घाटमाथ्यापर्यंत जातात आणि पलीकडे जव्हार, डहाणूचा प्रदेश लागतो. या सलग पट्ट्यात वारली समाजाची वस्ती आहे. लग्नाच्या वेळी सुवासिनींनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर काढलेला लग्नचौक ही त्यांच्या चित्रकलेची मूळ जागा. मध्यभागी पालघाट देवी, आणि तिच्या चौकटीभोवती रेघांच्या, ठिपक्यांच्या, त्रिकोणांच्या पट्ट्या एकीबाहेर एक. या पट्ट्या रिकामी जागा भरण्यासाठी नसतात. त्या पूर्ण झाल्याखेरीज देवीला जागा मिळत नाही. भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नाने १९७० च्या दशकात ही चित्रे कागदावर आली, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी ती विधीच्या बाहेर नेली. म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्यांच्या चित्रांत एकच लहान रेघ हजारो वेळा येते. जाळे विणताना गाठ जशी परत येते तशीच ती येते, आणि तिच्या अंतरांतल्या सूक्ष्म फरकांमुळे जाळे पाण्यात हलते आहे असे वाटते. पाण्याचे चित्र काढलेले नसूनही पाणी दिसते, ते या फरकांत.

भाषेच्या बाजूने याला जात्यावरच्या ओवीची जोड देता येईल. गी पॉटव्हॅ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. एवढ्या मोठ्या संग्रहात ठरावीक सुरुवाती, ठरावीक प्रतिमा आणि ठरावीक संबोधने शेकडो वेळा येतात. त्यांना निव्वळ साचे म्हणणे सोपे आहे. पण जात्याची फेरी संपते तेथे चरण संपतो, आणि पुढच्या फेरीला तोच चरण उचलून बाई त्यात आपल्या माणसाचे नाव घालते. आवृत्तीने तिला श्वास मिळतो आणि बदलाला जागा मिळते. दळण, गाणे आणि आठवण या तीन क्रिया तेथे वेगळ्या काढता येत नाहीत.

६

आता मूळ प्रश्नाकडे येता येईल. नक्षीविषयीचा संशय मराठी समीक्षेने केवळ पाश्चात्त्य विचारातून घेतला असे नाही. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त यमकाला, विशेषतः विप्रलंभ शृंगारात, जागा नाकारली. ही गोष्ट वारंवार सांगितली जाते. तिचे कारण मात्र तितक्या बारकाईने पाहिले जात नाही. यमकात आवृत्ती असते म्हणून आनंदवर्धन त्याला नाकारत नाही. त्यासाठी कवीला वेगळा प्रयत्न करावा लागतो, हा त्याचा आक्षेप आहे. रसाच्या ओघात जो अलंकार आपोआप सिद्ध होतो, ज्यासाठी पृथक यत्न लागत नाही, तो त्याला मान्य आहे. ‘अपृथग्यत्ननिर्वर्त्य’ ही त्याची कसोटी आहे.

ही कसोटी रसाच्या चर्चेतून बाहेर काढून नक्षीला लावली, तर ‘नक्षीकाम’ या शब्दाच्या आपल्या वापरातला गोंधळ दूर होतो. पैठणीतला मोर अपृथग्यत्न आहे, कारण कापड आणि मोर एकाच ठोक्यात तयार होतात. वेदिकेवरचे कमळ अपृथग्यत्न आहे, कारण भिंत मोकळी करणारी छिन्नीच ते मोकळे करते. बलश्रीच्या लेखातला ‘स’ही तसाच, षष्ठी काढली तर वाक्यच उभे राहत नाही. याउलट तयार कापडावर छापलेला तोच मोर पृथग्यत्न होय. दोन्हींत पुनरावृत्ती सारखीच असू शकते. म्हणजे दोष पुनरावृत्तीत नाही, ती कामाच्या कोणत्या टप्प्यावर येते यात आहे. कवितेच्या बाबतीतही विचारायचा प्रश्न हाच: तिची आवृत्ती काढून घेतली तर मागे कविता उरते, की भोक?

या कसोटीमुळे मर्ढेकरांच्या लयविचारातही एक दुरुस्ती सुचते. मर्ढेकरांची लय ही पूर्ण झालेल्या वस्तूतील संवेदनांची संघटना आहे. ती पाहणाऱ्याच्या, ऐकणाऱ्याच्या, वाचणाऱ्याच्या बाजूने मांडली आहे. म्हणून तिच्यात संवाद, विरोध, समतोल हे संबंध दिसतात. ते संबंध ज्या क्रियेतून आले, ती क्रिया दिसत नाही. याचा परिणाम असा झाला, की लय ही शुद्ध, व्यवहारापासून अलिप्त गोष्ट मानली गेली, आणि मर्ढेकरांच्या विरोधकांनी जीवनाची बाजू घेताना लय त्यांच्याकडेच सोडून दिली. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथात लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवून दिले आणि कलेचा विचार या दोहोंपैकी कोणताही एक टाकून करता येत नाही हे स्पष्ट केले. नाशिक परिसरातील उदाहरणे या दोन ध्रुवांच्या मधली एक ठोस जागा दाखवतात. ती जागा मोजणीची आहे. मोजणी ही पूर्णपणे आकाराची बाब आहे. धाग्यांच्या संख्येत सुखदुःख नसते. आणि ती पूर्णपणे लौकिकही आहे. तिच्यात मजुरी आहे, वेळ आहे, पाठीचा कणा आहे, वर्षावासाचे व्याज आहे. लय येथे जीवनापासून वेगळी काढता येत नाही आणि जीवनाच्या आशयातही विरघळून जात नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. मोजणी हेच मर्म असेल, तर ती यंत्र अधिक अचूक करते. जॅकार्डच्या पद्धतीत, म्हणजे १८०४ पासून, धाग्यांची निवड छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर नोंदवता येऊ लागली. आज येवल्याच्या हातमागावरील पैठणीशेजारी अशा पद्धतीने विणलेल्या, किमतीने पुष्कळ कमी असलेल्या साड्याही बाजारात आहेत. त्यांतही नक्षी विणलेलीच असते, छापलेली नसते. मग फरक कोणता? यंत्रावरील साडी कमी सुंदर असते असे सरसकट म्हणणे हा भाबडेपणा होईल, आणि अनेक घरांना तीच परवडते हेही खरे. फरक साडीत शोधण्याऐवजी विणणाऱ्यात शोधला पाहिजे. पुठ्ठ्यावर मोजणी एकदाच होते, आणि ती दुसऱ्या कोणी केलेली असते. त्यानंतरच्या आवृत्तीत कोणाला काही कळण्याची गरज उरत नाही. हाताने मोजत जाणाऱ्याची प्रत्येक फेरी ही आधीच्या फेरीचे वाचन असते. एक धागा चुकला तर पुढच्या दहा ओळींत ते सावरावे लागते, आणि त्या सावरण्यातच नक्षी थोडी सरकते, बदलते, कधी नवी होते. दहाव्या लेण्याची आवृत्ती करताना तिसरे लेणे जसे बदलले तसेच हे आहे. येवल्यातला हातमाग बंद पडला तर एक वस्त्रप्रकार जाईल, एवढीच ती हानी नसेल. निसर्गातली आवृत्ती हाताने ओळखण्याची एक रीत जाईल, आणि तिची नोंद संग्रहालयातल्या साडीत सापडणार नाही, कारण ती साडीत नसून विणण्यात आहे.

साहित्याच्या अभ्यासकासाठी यातून निघणारे काम साधे आणि कष्टाचे आहे. ओवी, अभंग, लावणी, किंवा आधुनिक कवितेतील धृपदे आणि पुनरुक्ती यांचा विचार करताना त्यांना अलंकार म्हणून बाजूला काढण्याआधी मोजून पाहिले पाहिजे: काय परत येते, किती अंतराने येते, परत येताना काय बदलते, आणि त्या बदलाने कवीला जगाविषयी काय दिसले. बलश्रीच्या लेखातील ‘स’कारांची अशी मोजणी कोणाही पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका दुपारी करता येईल. ज्ञानेश्वरीतल्या दृष्टांतांच्या मालिकांना तीच पद्धत लावायला अधिक काळ लागेल. पण मराठीतील लयीचा इतिहास लिहायचा, तर त्याची सुरुवात अशा मोजणीनेच करावी लागेल.